पगारावर उभी राहिलेली चित्रकथा

आपल्याकडे 'हौशी' ह्या शब्दात कौतुक असते आणि त्याच कौतुकात थोडी तुच्छताही असते. हौशी नट, हौशी चित्रकार, हौशी छायाचित्रकार म्हणजे पोटापाण्याचे भागल्यावर उरलेल्या वेळात मन रमवणारा माणूस, असा त्याचा रूढ अर्थ. कलेवर पोट भरणारा तो खरा कलावंत आणि पोट दुसरीकडे भरून कला करणारा तो दुय्यम, अशी प्रतवारी आपण नकळत मान्य केलेली असते. दिवसभर राबणाऱ्याच्या वाट्याला गरज येते, हौस येत नाही, असेही आपण गृहीत धरतो. प्रस्तुत लेखात ज्या माणसाची ओळख करून द्यायची आहे, त्याने ही दोन्ही गृहीते खोटी ठरवली. त्याचे नाव हार्वी पीकार. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरी एका सरकारी रुग्णालयात तो फायली लावणारा कारकून होता. १९६५ मध्ये नोकरीला लागला आणि २००१ मध्ये निवृत्त झाला. ह्या छत्तीस वर्षांपैकी शेवटची पंचवीस वर्षे तो स्वतःच्या रोजच्या जगण्यावर एक चित्रकथा-मासिक चालवीत होता. त्याच चित्रकथेवरून २००३ मध्ये चित्रपट निघाला. विशेष म्हणजे ह्या चित्रकथाकाराला चित्र काढता येत नव्हते.

पीकारचा जन्म ८ ऑक्टोबर १९३९ चा. आईवडील पोलंडमधील बियावीस्तोक गावाहून आलेले ज्यू स्थलांतरित. वडील तालमुद ह्या धर्मग्रंथाचे अभ्यासक. परंतु अमेरिकेत त्या विद्येवर घर चालणे शक्य नव्हते. त्यांनी किन्समन ॲव्हेन्यूवर किराणा दुकान टाकले आणि कुटुंब त्याच दुकानाच्या वर राहू लागले. पीकारची पहिली भाषा इंग्रजी नव्हे, यिडिश. घरात एक भाषा आणि रस्त्यावर दुसरी, हा अनुभव त्याला लहानपणापासून होता. वस्ती बहुतांशी कृष्णवर्णीयांची. त्या पोरांत हा एकटा गोरा, म्हणून मारही खाल्लेला. शालेय शिक्षण पुरे झाल्यावर तो विद्यापीठात गेला आणि वर्षभरात बाहेर पडला. त्यानंतर किरकोळ नोकऱ्या, आणि शेवटी माजी सैनिकांसाठी असलेल्या सरकारी रुग्णालयातील फायली.

पदवी हुकलेल्या ह्या माणसाचे वाचन मात्र थांबले नाही. जॅझ संगीताच्या जुन्या तबकड्या गोळा करणे आणि त्यांवर लिहिणे हा त्याचा पहिला ध्यास. १९५९ पासून, म्हणजे विशीच्या उंबरठ्यावर असल्यापासून, त्याची जॅझ-समीक्षा नियतकालिकांतून छापून येऊ लागली. जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडवलेले संगीत. त्यात ठरलेल्या सुरावटीवर वादक आपल्या मनाने, त्या क्षणी सुचेल तसे वाजवत जातो. पीकारच्या संवादांची लय समजून घ्यायची तर हा संस्कार ध्यानात ठेवला पाहिजे. त्याची माणसे बोलताना अडखळतात, मध्येच थांबतात, तीच गोष्ट फिरवून फिरवून सांगतात, आणि तो ते सगळे तसेच्या तसे ठेवतो.

१९६२ मध्ये रॉबर्ट क्रंब नावाचा तरुण चित्रकार शुभेच्छापत्रे बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला म्हणून क्लीव्हलँडला आला. त्यालाही जुन्या तबकड्यांचे वेड. दोघांची मैत्री तबकड्यांवरून जमली. पुढे क्रंब सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि १९६८ पासून 'झॅप' ह्या त्याच्या चित्रकथा-मासिकाने मोठी खळबळ उडवली. ज्यांना 'भूमिगत कॉमिक्स' म्हणतात त्या चळवळीचा तो अग्रणी ठरला. ही मासिके प्रकाशनगृहांच्या आणि विक्रेत्यांच्या नेहमीच्या साखळीबाहेर छापली व विकली जात. मोठ्यांनी वाचायच्या चित्रकथा निघू शकतात, हे ह्या चळवळीने दाखवून दिले.

येथे चित्रकथा ह्या माध्यमाविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. 'अमर चित्र कथा' ही मालिका १९६७ मध्ये मुंबईत सुरू झाली. आपल्या पिढीला हे माध्यम ठाऊक झाले ते बहुधा तिच्यातून, म्हणजे देव, राजे, वीरपुरुष आणि महापुरुष ह्यांच्या गोष्टींतून. अमेरिकेत त्याच जागी उडणारे, भिंती फोडणारे, जगाला वाचवणारे अतिमानव होते. दोन्हीकडे चौकटीत येण्यासाठी माणूस असामान्य असणे ही जणू अट होती. पीकारने प्रश्न केला तो नेमका ह्या अटीविषयी. शब्द आणि चित्र ही दोन्ही साधने हाताशी असताना त्यांतून काहीही सांगता येईल. मग एखाद्या कारकुनाचा सोमवार का सांगता येऊ नये? ह्या विचारावर तो सुमारे दहा वर्षे मनातल्या मनात काम करीत होता. १९७२ मध्ये त्याने काही गोष्टी चौकटी आखून, काड्यांची माणसे काढून कागदावर उतरवल्या आणि क्रंब व रॉबर्ट आर्मस्ट्राँग ह्या चित्रकारांना दाखवल्या. दोघांनीही त्या काढून देण्याची तयारी दाखवली.

१९७६ मध्ये 'अमेरिकन स्प्लेंडर' ह्या नावाने पहिला अंक निघाला. नावाचा अर्थ 'अमेरिकेचे वैभव'. आत मात्र क्लीव्हलँडमधील जुनाट घरे, बंद पडणारी गाडी, रुग्णालयातील गप्पा आणि एकटेपणा. लेखक, संपादक, प्रकाशक, वितरक सगळे तो एकटाच. सर्वसाधारणपणे वर्षाला एक अंक. छपाईचा खर्च आणि चित्रकारांचे मानधन पगारातून. विक्रीतून हा खर्च निघत नसे. तरीही १९९० च्या सुमारापर्यंत तो अंक स्वतःच काढत राहिला. पुढे त्याची जबाबदारी प्रकाशनसंस्थांनी घेतली. अनियतकालिकांची धडपड ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना ह्या हिशेबाचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

ह्या चित्रकथेची घडण कशी होत असे? पीकार कागदावर चौकटी पाडी. प्रत्येक चौकटीत काड्यांचा माणूस, त्याच्या डोक्यावर बोलणे, आणि बाजूला चित्रकारासाठी सूचना. शब्द किती चौकटींत वाटायचे, कोठे बोलणे थांबवून एक मुकी चौकट ठेवायची, हे तो ठरवी. ही मुकी चौकट महत्त्वाची. सभेत वक्ता मध्येच थांबतो आणि त्या थांबण्याने पुढचे वाक्य जड होते, तेच काम ती करते. मग कागद चित्रकाराकडे जाई. क्रंबखेरीज गॅरी डम, ग्रेग बजेट, जेरी शॅमरे, फ्रँक स्टॅक अशा अनेकांनी त्याच्यासाठी चित्रे काढली. प्रत्येकाचा पीकार वेगळा. कुणाचा केसाळ, घामेजलेला आणि वाकलेला. कुणाचा छायाचित्रासारखा नीटस. कुणाचा नुसत्या रेघोट्यांचा. वाचकाला एक ठरलेला चेहरा मिळत नाही. माणूस स्वतःला एक दिसतो, सहकाऱ्याला दुसरा आणि बायकोला तिसरा, हे सत्य येथे कोणत्याही तत्त्वचर्चेशिवाय डोळ्यांपुढे येते. चित्र काढता न येणे ही त्याची उणीव होती. परंतु तिच्यामुळेच ह्या आत्मकथनाला एकापेक्षा अधिक नजरा मिळाल्या.

दोन-तीन गोष्टींचा आशय सांगितला तर ह्या लेखनाची जात कळेल. १९७७ मधील क्रंबने काढलेल्या एका गोष्टीत अठ्ठेचाळीस चौकटी आहेत आणि जवळजवळ प्रत्येकीत एकच माणूस समोर पाहत उभा आहे. तो आपल्या नावाविषयी बोलतो. लहानपणी नावावरून पोरे चिडवीत. मोठेपणी दूरध्वनीच्या यादीत त्याला आपल्याच नावाचा दुसरा माणूस आढळतो, मग तिसरा. त्यांना तो कधी भेटलेला नाही. पुढे ते वारल्याचे कळते आणि त्याला अनपेक्षित दुःख होते. नंतर यादीत त्याच नावाचा आणखी एक माणूस उगवतो. तेव्हा तो वाचकाला विचारतो की ह्या नावाचा माणूस म्हणजे नक्की कोण? ह्यात घटना म्हणावी अशी एकही नाही. परंतु यादीतील एक ओळ ह्यापलीकडे ज्याची नोंद कोठेच होणार नाही, त्या माणसाची धास्ती ह्या चार पानांत पुरी उतरली आहे. दुसऱ्या एका गोष्टीत तो दुकानातील रांगेत उभा आहे. पुढची वृद्ध ज्यू बाई पैशापैशासाठी वाद घालते आहे आणि मागे हा ताटकळतो आहे. त्या बाईच्या घासाघीसीमागे किती पिढ्यांची तंगी आहे हे त्याला ठाऊक आहे, कारण ती त्याच्याच घरातली आहे. तरीही त्याला राग येतो. ह्या रागाला तो गोंडस करीत नाही. रुग्णालयातील मिस्टर बोट्स हे वयस्क कृष्णवर्णीय सहकारी अनेक गोष्टींतून येतात. त्यांचे बोलणे त्यांच्याच ढंगात छापलेले आहे, लेखकाच्या सोयीने सुधारलेले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ह्या सगळ्याचा पाया काय होता? माझ्या मते त्याची नोकरी. नोकरीने त्याला तीन गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे पगार; त्यामुळे अंक खपला नाही तरी घर चालत राहिले आणि पुढचा अंक निघाला. दुसरी म्हणजे विषय. फायली काढणे, पोचवणे, परत जागेवर लावणे ह्या कामात दिवसभर माणसे भेटत आणि बोलत. तिसरी, आणि सर्वांत मोलाची, म्हणजे कुणालाही खूष न करण्याची मुभा. जो कलेवर पोट भरतो त्याला खपाचा विचार करावा लागतो, संपादकाचा करावा लागतो, मालकाचा करावा लागतो. पीकारला तो करावा लागला नाही. बढती आली तेव्हाही त्याने ती नाकारली. वरची जागा म्हणजे अधिक जबाबदारी आणि डोक्यात कमी जागा, असा त्याचा साधा हिशेब.

ह्या प्रश्नावर त्याची एक लहानशी गोष्ट आहे. रविवारी सकाळी तो पाव आणायला निघतो. वाटेत मनाशी विचार चालू आहे: उद्या एखाद्या मोठ्या प्रकाशकाने आपल्याला हाताशी धरले, पैसे आले, तर ही कारकुनी सोडायची का? सोडली तर आपण ज्या जगण्यावर लिहितो ते जगणेच सुटेल. मग लिहायचे कशावर? उत्तर सापडत नाही. तोवर बेकरी येते. ताज्या पावाचा वास घेत तो परततो आणि गोष्ट संपते. कामगाराच्या जीवनावर लिहिणाऱ्या प्रत्येक लेखकापुढे हा पेच येतो. लिहिण्याने माणूस त्या जीवनातून बाहेर पडतो, आणि बाहेर पडल्यावर त्याचे लिहिणे आठवणींवर चालू लागते. पीकारने हा पेच सोडवला असे म्हणवत नाही; परंतु निवृत्तीच्या दिवसापर्यंत नोकरी न सोडून त्याने आपल्यापुरते उत्तर दिले.

ह्या स्वातंत्र्याची परीक्षाही झाली. १९८६ पासून डेव्हिड लेटरमन याच्या दूरचित्रवाणीवरील रात्रीच्या लोकप्रिय कार्यक्रमात पीकारला बोलावणी येऊ लागली. कार्यक्रमाला हवा होता एक विक्षिप्त, चिडका, गमतीदार कारकून. प्रेक्षक हसत आणि अंकाची थोडी जाहिरात होई. पण तो कार्यक्रम ज्या एनबीसी वाहिनीवर होता तिची मालकी १९८६ मध्ये जनरल इलेक्ट्रिक ह्या महाकाय कंपनीकडे गेली होती. १९८७ मध्ये वाहिनीचे तंत्रज्ञ संपावर असताना पीकार त्यांच्या बाजूचा मजकूर लिहिलेला सदरा घालून कार्यक्रमात आला, आणि मालक कंपनीच्या व्यवहारांविषयी बोलू लागला. १९८८ मध्ये वाद विकोपाला गेला आणि पुढे काही वर्षे त्याला बोलावणे आले नाही. कलेवरच पोट असते तर ही चैन परवडली असती काय? दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या फायली त्याची वाट पाहत होत्याच.

१९९० मध्ये त्याला लिम्फोमा हा कर्करोग झाल्याचे निदान झाले. त्या वर्षाची कहाणी त्याने पत्नी जॉइस ब्रॅबनर हिच्यासह लिहिली, फ्रँक स्टॅकने चित्रे काढली आणि १९९४ मध्ये ती 'अवर कॅन्सर इयर' ह्या नावाने पुस्तकरूपाने आली. येथे एकट्या पुरुषाचे आत्मकथन संपते आणि शेजारी बसून सोसणाऱ्या स्त्रीचा आवाज बरोबरीने येतो. आजारी माणसाची चिडचिड, औषधांनी आलेली दुर्बलता, आणि सेवा करणारीचा संताप ह्यांपैकी काहीच झाकलेले नाही. दुखणे सोसून मोठा झालेला नायक येथे सापडत नाही; सापडतात ते एकमेकांवर खेकसणारे आणि एकमेकांना धरून ठेवणारे दोन जीव.

चित्रपटाची बोलणी १९८० च्या सुमारापासून अधूनमधून होत होती. प्रत्यक्षात तो आला २००३ मध्ये. शारी स्प्रिंगर बर्मन आणि रॉबर्ट पुलचिनी हे त्याचे दिग्दर्शक, आणि पॉल जियामाटी पीकारच्या भूमिकेत. संडान्स महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. कान येथे समीक्षकांचे पारितोषिकही मिळाले. कुणाच्या जीवनावर चित्रपट निघाला की बहुधा देखणा नट त्या माणसाची जागा घेतो आणि खरा माणूस मागे ढकलला जातो. ह्या चित्रपटाने तसे होऊ दिले नाही. निवेदन खुद्द पीकारच्या खरखरीत आवाजात आहे. मधूनच तो स्वतः पडद्यावर येतो आणि आपली भूमिका करणारा नट आपल्यासारखा दिसत नाही अशी कुरकुर करतो. एका प्रसंगात खरा पीकार आणि त्याचा खरा सहकारी टोबी रॅडलॉफ खाऊच्या मेजाजवळ गप्पा मारताहेत, आणि त्यांची सोंगे घेतलेले दोन नट मागे बसून ऐकताहेत. चित्रातला माणूस, नटाने रंगवलेला माणूस आणि हाडामांसाचा माणूस असे तीन पीकार शेजारीशेजारी येतात. अनेक चित्रकारांच्या अनेक चेहऱ्यांनी चित्रकथेत जे साधले होते, तेच येथे चित्रपटाच्या साधनांनी साधले आहे. शेवटी येतो तो २००१ मधील त्याच्या निवृत्तीचा खराखुरा निरोपसमारंभ. चित्रपट निघाला, गाजला, त्यामुळे जगण्यात जी उलथापालथ झाली, तिच्यावरही पीकारने चित्रकथा लिहिल्या आणि २००४ मध्ये 'अवर मूव्ही इयर' हे पुस्तक काढले. चित्रकथेवरून चित्रपट आणि चित्रपटावरून पुन्हा चित्रकथा! कॅमेऱ्याने सांगितलेली गोष्टही त्याने पुन्हा आपल्या चौकटीत आणली.

हे सारे सांगताना त्याच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. पहिली म्हणजे हे काम 'एकट्याचे' म्हणून ओळखले जात असले तरी ते चित्रकारांच्या श्रमावर उभे आहे. सुरुवातीच्या अंकांकडे वाचक वळले त्यात क्रंबच्या नावाचा वाटा मोठा होता. दुसरी म्हणजे जो आपल्या जीवनावर लिहितो तो इतरांच्याही जीवनावर लिहीत असतो. सहकारी, पूर्वीच्या बायका, मित्र ह्यांची भांडणे आणि फजित्या छापल्या गेल्या. स्वतःला त्याने सर्वांत कमी सवलत दिली हे खरे. म्हणून इतरांच्या संमतीचा प्रश्न मिटत नाही. तिसरी मर्यादा अशी की पगार, रजा आणि निवृत्तिवेतन असलेली सरकारी नोकरी हे स्वतःच एक छत्र आहे. रोजंदारीवर जगणाऱ्याला हा मार्ग जसाच्या तसा उपलब्ध नाही. त्याचे दुःख आणि आपले दुःख एकच, असे सुचवण्याचाही येथे हेतू नाही. परंतु साधनांविषयी त्याने जे शोधले ते कुणालाही घेता येण्यासारखे आहे. जे कौशल्य आपल्याकडे नाही ते दुसऱ्याकडून मागून घेता येते. आणि जे दुसऱ्या कुणाकडे असू शकत नाही, म्हणजे आपला दिवस, आपला कान, आपले बोलणे, ते मात्र आपणच आणावे लागते.

'अमेरिकन स्प्लेंडर'च्या पहिल्या संग्रहाला १९८७ मध्ये अमेरिकन बुक अवॉर्ड मिळाले. त्यानंतरही तो चौदा वर्षे कामावर जात होता. निवृत्तीनंतर त्याने आपल्या तारुण्यावरील 'द क्विटर' २००५ मध्ये प्रसिद्ध केले आणि इतरांच्या जीवनावरही चित्रकथा लिहिल्या. १२ जुलै २०१० रोजी तो वारला. २०१२ मध्ये क्लीव्हलँड हाइट्समधील एका सार्वजनिक वाचनालयात त्याचे स्मारक झाले. उंच चौथरा नाही, घोडा नाही. लिहायचे एक मेज, त्यावर चित्रकथेची चौकट आणि तीतून बाहेर येणारा लहानसा पीकार, एवढेच.

दिवसपाळी संपवून, शाळा सुटल्यावर, कचेरीतून परतल्यावर रात्री कंदिलाखाली वा दिव्याखाली लिहिणारी, चित्रे काढणारी, नाटके बसवणारी माणसे आपल्या आसपास पुष्कळ आहेत. त्यांना आपण 'हौशी' म्हणतो आणि तेही संकोचाने तो शब्द स्वीकारतात. पीकारच्या उदाहरणावरून ह्या शब्दाचा अर्थ नव्याने लावता येईल. आपल्या कामाचा खर्च जो स्वतःच्या मजुरीतून भरतो आणि म्हणून त्या कामावर दुसऱ्या कुणाचा हुकूम चालू देत नाही, तो हौशी. ह्या अर्थाने पाहिले तर हा शब्द सन्मानाचा आहे. तो मिरवायचा तर पुढच्या महिन्याच्या पगारातून पुढच्या अंकाचे पैसे बाजूला काढण्याची तयारी मात्र हवी.